गेरूची दुसरी रेघ

शेकोटीजवळ सरका जरा. पहाटे दरी उतरायचीय ना तुम्हाला? मग आधी हे ऐका. हसू नकोस रे, थाप नाही ही. तोकुजी माझा जोडीदार. डोंगरावरचा हा निवारा आम्ही दोघांनी मिळून चालवला.

वसंतात दरीतला बर्फ वरून घट्ट दिसतो, पण खालून पाणी त्याला पोखरत असतं. म्हणून आम्ही बर्फावर गेरूची रेघ ओढतो. रेघ सोडली की गेलातच. आणि धुक्यात हाक मारायची ती दोनदा. एकदाच आलेल्या हाकेला इथं कुणी ओ देत नाही. का, ते मला विचारू नका.

मे महिन्याच्या सुरुवातीची आठवडाभराची सुट्टी संपली, त्या पाच तारखेची रात्र. तोकुजीचा धाकटा भाऊ मासुओ तांदूळ घेऊन खालून निघाला होता. अंधार पडला, धुकं उतरलं, तरी त्याचा पत्ता नाही. जुनी रेघ उन्हानं पुसून गेलेली. तोकुजीच्या जिवाला घोर लागला. त्यानं गेरूची पिशवी उचलली.

"येईल रे, खाली साके ढोसत बसला असेल," मी म्हणालो.

"तुझा भाऊ असता तर बसला असतास का असा?" म्हणाला, आणि रेघ ओढत धुक्यात शिरला.

पुढचं त्यानंच मला सांगितलं. दरीच्या मध्यावर हाक आली.

"दादा..."

एकदाच. तोकुजी जागीच थांबला. दुसरी हाक येईना. आवाज मासुओचाच. दमलाय? भगदाडात पडलाय? नियम ठाऊक होता, पण भाऊ होता हो तो. राहवलं नाही.

"इकडे ये गाढवा! रेघ धरून ये! आणि किती वेळा सांगितलंय, हाक दोनदा मारायची!"

मागे बर्फ करकरला. तोकुजी वर निघाला. धुक्यात बॅटरीचा उजेड हातभरही जात नव्हता. हा पुढे, करकर मागे.

मी दार उघडलं. तोकुजी हसत होता.

"सूप गरम कर. मासुओ येतोय मागून."

शेकोटीपाशी मासुओ बसला होता. धुकं पाहून तो दरी टाळून डोंगराच्या धारेवरच्या वाटेनं वळसा घालून नुकताच पोहोचला होता. हातात सुपाचा वाडगा.

तोकुजीनं त्याला पाहिलं. मागे वळून पाहायची हिंमत त्याला नव्हती, त्याच्या पाठीमागे पाहायची मला. मी त्याला आत ओढलं. कडी घातली.

करकर थांबली. दाराशीच.

बराच वेळ काही नाही...

"दादा..."

तोकुजीनं मासुओचा हात घट्ट धरला. एकच हाक आहे, मी मनाशी म्हटलं. एकच आहे.

मग...

"दादा."

दोनदा. तोकुजीनं शिकवलं होतं तसं.

ओ कुणी दिली नाही. सकाळी धुकं गेल्यावर दार उघडलं. गेरूच्या दोन रेघा जोडीनं उंबरठ्यापर्यंत आल्या होत्या. तोकुजीनं एकच ओढली होती. दुसरीच्या शेजारी पाऊल एकही नव्हतं.