सहावा कप

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, पण हे माझ्या सख्ख्या धाकट्या नणंदेसोबत घडलं आहे. अन् रात्री नाही. मागच्या एप्रिलमध्ये, भर दुपारी, तुमसरजवळच्या खाणीकडच्या जुन्या बंगल्यात.

हर्षाला विलायती कपबश्यांचं वेड. स्वतः स्टीलच्या पेल्यात चहा पिणार, अन् शोकेसमध्ये खाणीच्या साहेबांनी साठ वर्षांपूर्वी मागे टाकलेले कप. हिरव्या पानांच्या सेटमधले पाच तिला मिळाले होते.

सहावा त्या बंगल्यात आहे, असं भंगारवाला म्हणाला.

नवरा वारल्यापासून घरात ती अन् लेक, अंजू, दोघीच. अंजू क्लासहून येऊन स्टँडवर थांबणार होती. "लगेच येते," असं फोनवर सांगून हर्षा आत शिरली.

आत गीताबाई नावाची म्हातारी एकटीच होती. साहेबाच्या स्वयंपाक्याची बायको. तिनं त्याच कपात चहा आणला.

"पैसे नोको. चाय संपव, अन् कप घेऊन जा."

हर्षानं घाईघाईत चहा संपवला. सवयीप्रमाणे बुडाचा शिक्का बघायला कप उपडा करायला गेली...

कप भरलेला.

भास झाला असेल, म्हणून पुन्हा प्यायली.

पुन्हा भरलेला... अन् गरम.

बाहेर ट्रकचा आवाज नाही. पाखराचा नाही. समोर पंखा फिरत होता, त्याचाही नाही...

तेवढ्यात फोन वाजला.

"मम्मी, कुठं आहेस? स्टँडवर कोणीच नाही राहिलं."

हर्षा उठायला गेली.

"अर्धी चाय टाकून कोणी उठते काय, बाई?"

पाय हलेनात. तिला रडूच फुटलं.

"माही पोरगी एकटी आहे. मले नाही पाहिजे तुमचा कप."

म्हातारी पहिल्यांदा हसली.

"मंग जा."

दार उघडंच होतं. बाहेर दिवेलागण झालेली.

स्टँडवर अंजू नव्हती. हर्षा धापा टाकत घरी पोचली. खिडकीत लाइट दिसला, तेव्हा कुठं जिवात जीव आला.

अंजू टेबलापाशी बसली होती. हातात हिरव्या पानांचा कप...

"एक आजी घरी सोडून, हा कप देऊन गेली, मम्मी. पण ही चाय संपूनच नाही राहिली."

वर्ष झालं. डॉक्टर झाले, देव झाले. अंजू खुर्चीतून उठत नाही, कप सोडत नाही. हर्षा तिच्या शेजारी बसून त्याच कपातला घोट घोट घेते. दोघींनी प्यायला तर लवकर संपेल, म्हणते.

काल मी डबा घेऊन गेले, तर हर्षानं कप माझ्याकडं सरकवला.

"वहिनी, एक घोट तुम्ही घ्या न."

मी डबा उंबऱ्यावरच ठेवला.

उद्याही डबा मलाच न्यायचा आहे.