एकाच नंबरावर दोघं

मामाच्या घरचंच नेट गेलं म्हणून हसताय ना मघापासून? हसा. चाळीस वर्षं मी तारा ओढल्या, आधी टेलिफोनच्या, मग इंटरनेटच्या. नेट का जातं याची शंभर कारणं मला ठाऊक आहेत. एकशे एकावं मात्र एकाच घरात पाहिलं. ज्याच्यावर बेतलं तो जिवंत आहे. जाऊन विचारा हवं तर, फक्त दिवसा विचारा.

माझ्या दुकानासमोर त्याचं चष्म्यांचं दुकान होतं, म्हणून आम्ही त्याला चष्मेवालाच म्हणायचो. चाळिशी उलटलेला, बोलका माणूस. घर दुमजली. खाली तो, बायको आणि बारा वर्षांची मुलगी. वर थोरला भाऊ, बिनलग्नाचा, बर्फाच्या कारखान्यात पाळ्या करणारा. वडील खालच्या मागच्या खोलीत असायचे. ते आदल्या वर्षी, मे महिन्यात गेले. त्या रात्री चष्मेवाला बायको-मुलीसकट मेहुणीकडे परगावी होता. थोरल्याने सांगितलं, मी रात्रपाळीला होतो, फोन फाटकावर जमा, सकाळी येऊन बघतो तर बाबा गार पडलेले. त्या गडबडीत बाबांचा मोबाईलही हरवला. चष्मेवाल्याने त्यावर एक प्रश्न विचारला नाही. दादाचा शब्द म्हणजे शब्द.

तर पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरात तो माझ्याकडे लांब केबल घ्यायला आला. मुलीसाठी टीव्हीला जोडायचा गेम आणला होता.

"काका, रोज रात्री एक पन्नासला गेम अडकतो. वीस मिनिटं नेट नाही, मग आपोआप येतं."

"शाळकरी पोर रात्री दोनला खेळते?"

तो लाजला. "ती कुठली... ती नऊला झोपते. मीच खेळतो. गाड्यांच्या शर्यती आहेत हो!"

केबल टाकली, फरक नाही. राउटर बंद करून चालू केला, कपाटामागून काढून उंचावर ठेवला, नाही. मग तो म्हणाला, स्क्रीनवर सूचना येते, हा नंबर दुसरं यंत्र वापरतंय. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. घरातल्या प्रत्येक यंत्राला राउटर एक नंबर देतो. एकाच नंबरावर दोघं आले की भांडण. या पठ्ठ्याने कुठलासा व्हिडिओ बघून गेमला हाताने पंचवीस नंबर टाकला होता.

"आज रात्री फोन कर," मी म्हटलं. "दुसरं कोण आहे ते राउटरला जोडलेल्या यंत्रांच्या यादीत बघू."

अकरा तारीख, मंगळवार. बाराच्या पुढे बुधवार लागला म्हणा. एक चाळीसला त्याचा फोन आला. बायको-मुलगी झोपलेल्या. मी अंथरुणात पडूनच बोलत होतो.

"यादी काढलीस? वाच."

"टीव्ही. माझा फोन. हिचा फोन. दादाचा फोन. गेम. पाच."

"बरोबर. आता थांब."

बसलो गप्पा मारत. परवा एक आजोबा बायकोचाच चष्मा लावून घरी गेले आणि दोन दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही, असलं काहीतरी तो सांगत होता. सांगता सांगता थांबला.

"गेला, काका. अडकला."

"यादी परत काढ. किती आहेत?"

"पाचच. पण गेम नाहीये. गेमच्या जागी..."

"काय आहे? अरे वाच की."

"बाबा."

मी उठून बसलो. पोरांनो, ते नाव त्या यादीत मीच घातलं होतं. म्हाताऱ्याला जुन्या मॅचेस बघायचा नाद. सारखं नेट तुटतं म्हणून दोन वर्षांपूर्वी मी त्यांच्या मोबाईलला एक नंबर कायमचा राखून दिला होता. पंचवीस. आणि ते मीच विसरलो होतो.

"नावाशेजारी सिग्नलच्या पट्ट्या किती आहेत?"

"पूर्ण."

पूर्ण म्हणजे घरातच. आठ-दहा पावलांवर. हे मी त्याला बोललो नाही.

"काका... वर काहीतरी थरथरतंय."

"भाऊ असेल."

"फोन थरथरतो ना, तसं... लोखंडी कपाटात."

जिन्यावर त्याची पावलं ऐकू आली. अकरा, बारा, तेरा. मग दार.

"दादा? जागा आहेस?"

नुसती ती थरथर, आता मलाही ऐकू येत होती. थांबून थांबून.

मग थोरल्याचा आवाज. अगदी बारीक. "उघडू नकोस."

"तुला ऐकू येतं? रोज?"

"उघडू नकोस रे..."

कपाटाचं दार कुरकुरलं. थरथर थांबली.

मी हॅलो हॅलो करतोय. मग चष्मेवाला म्हणाला, "काका, बाबांचा फोन आहे. कपड्यांखाली. बॅटरी काढलेली आहे. वेगळ्या पिशवीत, गाठ मारून."

बॅटरी बाहेर. कळलं ना?

त्याने ती घातली. चालू केला. दादाचं नाव उघडलं. त्या मे महिन्यातल्या रात्री, एक पन्नासपासून दोन दहापर्यंत, बाबांनी दादाला अकरा वेळा फोन लावला होता. अकराही वेळा कापला होता. तेवढं दिसलं आणि बॅटरी संपली.

"तुझा फोन तर फाटकावर जमा होता ना, दादा?"

"मी वरच होतो," थोरला म्हणाला. "पाळी नव्हतीच. ते रोज रात्री हाका मारायचे. पाणी दे, उशी सरकव. मला वाटलं आजही तसंच... मी कापत राहिलो, शेवटी फोन उलटा करून ठेवला."

"एक जिना, दादा. तेरा पायऱ्या."

"मला वाटलं तू मला घराबाहेर काढशील."

"आणि मी दीड वर्ष तुझ्या गळ्यात पडून रडलो! तूच माझे डोळे पुसायचास!"

फोन चालूच होता. मीही ठेवला नाही.

महिन्याच्या आत चष्मेवाल्याने भाड्याचं घर घेतलं. समोरचं दुकानही हलवलं. थोरला वर एकटाच राहतो, रात्रभर सगळे दिवे लावून. दोघांचं बोलणं बंद ते आजपर्यंत.

जाताना त्याने बाबांचा मोबाईल माझ्याकडे दिला. "यात मॅचेस आहेत, मुलीचे फोटो आहेत. काढून द्या." मी नवी बॅटरी घातली. आणि त्या रात्रीच्या फोनांची सगळी यादी उघडली, नुसती दादाच्या नावाची नाही.

अकरा फोनांनंतर बारावा होता. दोन चौदाला. चष्मेवाल्याला लावलेला.

तो उचललेला होता. एकोणीस मिनिटं बोलणं झालं होतं.

मी त्याला विचारलं. तो पांढराफटक पडला. त्या रात्री तो मेहुणीकडे गाढ झोपला होता, फोन चार्जिंगला दुसऱ्या खोलीत. त्याचा जुना फोन आम्ही दोघांनी मिळून तपासला. त्यात त्या रात्री एकही फोन आलेला नाही.

मोबाईल माझ्याकडेच आहे. पाहिजे त्याने बघावं. दोन चौदा. एकोणीस मिनिटं.