सहा मिनिटांचा भागाकार

वडगावच्या मराठी शाळेत पाचवीला गणित शिकवणाऱ्या शाल्मलीबाईंनी यंदा एक नवं काम हौसेनं अंगावर घेतलं होतं. भागाकाराचा धडा मोबाईलवर चित्रित करून त्यांनी पालकांच्या ग्रुपवर टाकला. वर्गात सुटलेलं पोरं घरी पुन्हा बघतील, एवढाच हेतू. व्हिडिओ बरोबर सहा मिनिटांचा.

आठवड्यानं त्यांनी फळ्यावर भागाकार घातला आणि रक्षानं हात वर केला. वर्षात पहिल्यांदाच! आई यल्लव्वा दिवसभर साड्यांच्या हातमागावर, पोरगी अबोल, गणितात कायम मागं. पण तिनं भागाकार सोडवला आणि शेजारी अपूर्णांकांची बेरीजही करून टाकली. ती तर अजून शिकवलीच नव्हती.

“हे कुठं शिकलीस गं?”

“तुमच्याच व्हिडिओत की, बाई. छेद सारखं करायचं म्हंजे दोन साड्यांचं काठ जुळवायचं.”

“व्हय बाई, व्हय!” सगळा वर्ग हसत ओरडला. बाईही हसल्या, पण हातातला खडू त्यांनी खाली ठेवला. काठांचं उदाहरण त्यांनी पुढच्या धड्यासाठी मनाशी योजलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं, वहीतही उतरवलं नव्हतं.

शाळा सुटल्यावर त्या रक्षाकडे गेल्या. यल्लव्वानं खडखडणारा माग थांबवला, चहा टाकला, फोन पुढ्यात ठेवला. व्हिडिओ सुरू झाला. सहाव्या मिनिटाला संपला.

“एवढाच आहे ना?”

“न्हाय ओ बाई, रोज पुढं चालतंय की. लई हसवतासा पोरास्नी. रक्षाला तर नावानं हाक मारतासा.”

“मग आज?”

“आज तुम्ही हितं बसलायसा न्हवं?” यल्लव्वा सहज म्हणाली आणि कपात साखर ढवळू लागली.

चाचणीत एकही मूल नापास झालं नाही. रक्षाला पंचवीसपैकी चोवीस! वर्गात नुसता कल्ला. यल्लव्वानं खव्याच्या गोड कुंद्याचा डबा धाडला होता. बाईंनी ठरवलं, आता खोदून बघायला नको. पोरं शिकली, बास.

कुंदा वाटून झाल्यावर रक्षा टेबलाशी आली.

“बाई, व्हिडिओतल्या बाई काल तुमचं इचारत हुत्या.”

“काय गं?”

“‘सकाळी वर्गात येते ती कोण?’”