दुपारची दूधआई

दुपारी तीनचा सुमार. मुलुंडला मिठागरांच्या बाजूची चाळ. साल एकोणीसशे चोपन्न, वैशाख. पुरुष कामावर गेलेले, चाळ पेंगुळलेली. सुलक्षणा कापसाच्या बोळ्याने बाळाला दूध पाजत होती आणि ते ओठांच्या कडेने बाहेर येत होतं.

पोर आठव्या महिन्यातच जन्मलेलं. ओढायची ताकदच नव्हती त्याला. प्रसूतिगृहाला खाट रिकामी हवी होती, म्हणून मायलेकरांची घरी रवानगी झाली. "भूक लागली की पिईल," म्हणणाऱ्या डॉक्टरने पोराच्या तोंडात बोट घालून पाहण्याचीही तसदी घेतली नाही. अशांना जाब कोणी विचारत नाही. घरात आणखी दोघं, पाच वर्षांचा नंदू आणि अडीच वर्षांची जयंती. एकाला शी लागायची तेव्हाच दुसरीला भूक.

सुलक्षणाचा बसल्या जागी डोळा लागला. जाग आली ती आवाजाने. चुटुक... चुटुक... मग घोट. बाळ पाळण्यात एकटंच होतं. गाल आत ओढले जात होते, गळा हलत होता. खोलीत बाळंतशेपांच्या धुरीचा वास होता. शेगडी तर सकाळीच विझलेली.

"आई, ओरडू नको ना," नंदू कुजबुजला. "ती दचकते."

"कोण रे?"

"बाई. तू झोपलीस की येते..."

सुलक्षणाने पोर उचलून पळायला हवं होतं. पण त्याचं पोट आज पहिल्यांदा भरत होतं. ती डोळे मिटून पडून राहिली. दुसऱ्या दुपारीही. आणि तिसऱ्या.

बाळ अंग धरू लागलं. "काय गं, पैलवान करतेस की काय? झकास!" नवरा, जयवंत, खूश होता. त्याला ती काही बोलली नाही. शेजारच्या रत्नप्रभेला मात्र सांगितलं. ती मालवणकडची.

"परक्या बायलेन पोराक पाजल्यान, तर तिची ओटी भरूची लागता," रत्नप्रभा म्हणाली. "मान घेतल्याशिवाय ती जातली कशी?"

एका सकाळी बाळाने आईचं दूध आपणहून ओढलं. त्याच दुपारी सुलक्षणाने दाराला कडी घातली, पाळण्याजवळ पाट मांडला, त्यावर खण, नारळ, तांदूळ ठेवले. हळदकुंकू वाहिलं. आणि उंबऱ्याशी प्रत्येक सवाष्णीला म्हणायची तेच, सवयीने, तोंडून निघालं.

"या हं पुन्हा."

संध्याकाळी हे ऐकून रत्नप्रभेने कपाळाला हात लावला. "वाट लागली गं! निरोप देऊचो होतो, आवतान न्हय!"

पण झालं काहीच नाही. पाळणा गप्प होता, बाळ आईलाच पीत होतं. सुलक्षणा निर्धास्त झाली.

मग एका दुपारी जयंती झोपेतून उठली. सुलक्षणा दूधभात कालवून पुढे झाली. पोरीने मान फिरवली. तिचं पोट तट्ट होतं.

"नको मावशी," ती शहाण्यासारखी म्हणाली. "आईने पाजलं."

जयंतीचं अंगावरचं पिणं सुटून वर्ष झालं होतं. दवाखान्यात नेलं, तर डॉक्टरने तिच्याकडे न बघताच जंतांचं औषध लिहून दिलं. जन्मदात्रीला मावशी म्हणायला त्या पोरीला कोणी शिकवलं, हे मात्र अजून कोणी सांगितलेलं नाही.