पांढऱ्या ठिपक्याची बाजू

सोनोबे दुकानात शिरला तो एक फ्यूज घ्यायला, आणि बाहेर पडला तो भांडून!

अकिहाबाराच्या इलेक्ट्रॉनिक बाजारातल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या दुकानात फुमिनो कुरोइवा ॲम्प्लिफायरच्या वीजवायरी स्वतःच्या हातांनी विणायची. तिच्या वायरीने गाणं खुलतं, अशी ख्याती होती. प्लगची दोन्ही पाती सारखीच, तरी ती एका बाजूला पांढरा ठिपका द्यायची. ठिपका डावीकडेच यायला हवा, हा तिचा दंडक.

"खुळचटपणा!" सोनोबे म्हणाला होता. तो वीज कंपनीतला इंजिनियर. "उलटा लावा, सुलटा लावा... वायर ती वायर."

त्यानंतर मात्र स्वारी दर शनिवारी हजर. फ्यूज काही इतके उडत नसतात!

चौथ्या शनिवारी फुमिनोने बाह्या सरसावल्या. "मी तुमच्याकडे पाठ फिरवून बसते. तुम्ही पाच वेळा वायर लावा, कधी माझी, कधी साधी. मला फरक कळला नाही, तर माझ्या वायरी फळीवरून खाली. कायमच्या."

"विचार करा हं, कुरोइवासान."

"घाबरलात?"

तबकडी पाच वेळा वाजली. फुमिनोने पाचही वेळा अचूक सांगितलं. सोनोबेचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "हरलो," म्हणत तो कमरेत वाकला.

ती गप्प बसली असती तर कुणाला कळलं असतं? पण खोटा विजय तिला पचेना.

"थांबा. गाण्यातला फरक मला कळलाच नाही... मी तुम्हाला ऐकत होते. साधी वायर तुम्ही खटकन लावायचात. माझी हातात आली की थांबायचात. का?"

तो कानापर्यंत लाल झाला. "ठिपका शोधत होतो. डावीकडे यावा म्हणून."

"पण त्याने काही होत नाही ना?"

"नाहीच होत. पण तुम्ही इतक्या मायेने दिलेला... उलटा लावायला हात धजेना, फुमिनोसान."

आडनाव सोडून पहिल्यांदाच त्याने तिला नावाने हाक मारली. तरी शब्द तो शब्द. ती उठली आणि एकेक वायर खाली काढू लागली. आता हा कशाला येईल पुढच्या शनिवारी?

शेवटची वायर सोनोबेने धरून ठेवली.

"ही माझ्या घरी लावायची. ठिपका डावीकडे – तुमच्याच हाताने."

"आणि आवाजात फरक नाही पडला तर?"

"नाहीच पडणार," तो ठामपणे म्हणाला. "पण ऐकायला शेजारी तुम्ही असाल."

फुमिनोने वायर त्याच्या हातातून घेतली, नीट गुंडाळली.

"उद्या दहाला येते," ती म्हणाली. "तबकडी मी निवडणार."