मागच्या दाराचे दोन टाके

चहा ठेव खाली, ज्ञानेश. आधी मला एवढं सांग, तुझ्या बसच्या मागच्या दाराला सहलीची पातेली आणि गॅसची शेगडी कुणी टेकवून ठेवली? पहाटे चारला पोरं बसणार ना त्या गाडीत? दुसरीकडे जागा नव्हती म्हणतोस. बरं. संजना, तूही बस इथं. मुलांबरोबर मदतनीस म्हणून तू जाणार, तर तुला हे माहीत पाहिजे. मोतीराममामा, भुताची गोष्ट सांगा, म्हणून मागे लागता ना नेहमी? आज सांगतो. ऐकीव नाही. सावळीरामची आहे, आणि सावळीराम वीस वर्षं माझ्या शेजारच्या गाळ्यात वेल्डिंग करायचा, इथंच अंबडला.

गेल्या वर्षीची पंधरा जूनची रात्र. रविवार होता आणि दुसऱ्या दिवशी शाळा उघडणार होती. साडेआठला सावळीराम जेवायला बसला, तेवढ्यात शेठचा फोन आला. शेठ म्हणजे शाळेला तीन बस लावलेला मालक. त्याचं नाव घेऊन मला तोंड कडू करायचं नाही. शेठ म्हणाला, "नवीन गाडीचं पासिंग झालं. मागचं दार खडखडतंय. सकाळच्या आत दोन टाके मारून टाक." एवढंच काम. सावळीरामने निवांत भाकरी संपवली, वेल्डिंगचं मशीन स्कूटरला बांधलं आणि निघाला.

टाका म्हणजे वेल्डिंगचा एक ठिपका, संजना. दार चौकटीला चिकटवून टाकायचं. मग खड्ड्यात ते वाजत नाही, धूळ येत नाही, पोरं मुठीशी खेळत नाहीत. पासिंगची तारीख आली की ग्राइंडरने टाके उडवायचे आणि वरून रंगाचा हात फिरवायचा. 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग' असं लाल अक्षरात लिहिलेलं असतंच. आरटीओचा साहेब मूठ फिरवतो, दार उघडतं, झालं पासिंग. गाडी परत आली की पुन्हा दोन टाके. आम्ही सगळेच करायचो. मीही केलेत. हसू नकोस ज्ञानेश, माझं डोकं आधीच फिरलेलं आहे.

आता शेठला नवीन गाडी का घ्यावी लागली, ते ऐका. त्याच्या आधीच्या डिसेंबरात त्याची जुनी बस हरसूल रस्त्याला पेटली. सकाळची वेळ. आत सोळा पोरं आणि त्यांना सांभाळायला कलाबाई. पन्नाशीची बाई, जरा जाड. पोरं चढताना-उतरताना प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवून मोजायची. जाळ इंजिनातून आला, म्हणजे पुढून. ड्रायव्हरने उडी मारली आणि पळाला. पुढच्या दाराशी जाता येईना. खिडक्यांना आडव्या सळ्या. राहिलं मागचं दार. कलाबाईने त्याची मूठ फिरवली, दार ढकललं, लाथा घातल्या. कसं उघडणार? सावळीरामचे टाके होते, आणि हात पक्का होता त्याचा. मग तिने आग विझवायचा सिलिंडर उचलला. तो रिकामाच होता, दाखवायला ठेवलेला. त्यानेच तिने दाराची काच फोडली आणि त्या भोकातून एकेक करून सोळा पोरं बाहेर दिली. एकालाही फोड आला नाही. ती मात्र राहिली आत. ते भोक पोरांच्या मापाचं होतं.

आणि आठ दिवसांनी शेठने पेपरवाल्यांना काय सांगावं? "बाई घाबरली. तिला दार उघडता आलं नाही." छापून आलं तसंच. तिची मुलगी उज्वला दोनदा शेठच्या घरी गेली. म्हणाली, मला काही नको, माझ्या आईची चूक नव्हती एवढं तरी म्हणा. तिला फाटकातूनच घालवून दिलं. आम्हाला सगळं माहीत होतं, सावळीरामला, मला, गाळ्यांच्या त्या अख्ख्या लाइनीला. आम्ही मूग गिळून बसलो. मला त्या शेठचा राग येतोच, पण माझा स्वतःचा त्याहून जास्त येतो.

एवढं सगळं होऊन तो सावळीराम पुन्हा तसलेच टाके मारायला गेला की नाही? गेला. जुन्या दोन गाड्यांचे टाकेसुद्धा तसेच होते अजून.

शेठच्या गाड्या कारखान्यांच्या मागच्या रिकाम्या प्लॉटवर उभ्या असायच्या. वॉचमन रविवारी सुट्टीवर. सावळीरामने शेडमधून वायर ओढली, मशीन जोडलं. पावणेदहा झाले होते. कुत्रीही नव्हती तिथं.

पहिला टाका मारला. तोंडासमोर काळी काच धरली की वेल्डरला फक्त ठिणगी दिसते, बाकी सगळा अंधार. टाका बसला. हातोडीने ठोकून बघितला, पक्का होता. दुसरा मारायला तो खाली वाकला आणि वर बघतो तर दार दोन बोटं उघडलेलं.

रंगावर मारला असेल, असं तो स्वतःशीच म्हणाला. जागा घासली. पुन्हा मारला.

आतून मूठ फिरली. खट्.

दार पुन्हा दोन बोटं.

"कोण हे आत?"

…

त्याने खांदा लावून दार दाबून धरलं. एका हातात काच, एका हातात रॉड. तिसरा टाका. ठिणगी उडाली आणि त्या काळ्या काचेतून त्याला बसच्या आतलं दिसलं. दिसायला नको होतं. त्या काचेतून भर दुपारचा सूर्य मिणमिणता दिसतो. पण दिसलं. एक बाई सीटांच्या मधून चालत येत होती. रिकाम्या सीटांवर हात ठेवत. सीटवर नाही… सीटच्या वर. पोराचं डोकं असतं तेवढ्यावर.

एक… दोन… तीन…

रॉड पत्र्याला चिकटला. त्याने हिसडा मारून तोडला. ठिणगी विझली. आता काहीच दिसत नव्हतं.

मोजणं चालूच होतं.

नऊ… दहा…

पुढून मागे. त्याच्याकडे.

पंधरा… सोळा.

थांबलं.

सावळीरामचा खांदा अजून दारालाच होता. पळायचं सुचलंच नाही, असं तोच म्हणाला मला.

"मिस्त्री."

अगदी दाराला तोंड लावून.

"मला उघडता येत नाय म्हणतात."

…

"तुम्ही तरी सांगा त्यांना."

…

"बघा."

मूठ फिरली. दार उघडलं. सावळीराम खाली पडला, मशीनवर. बस रिकामी होती. अशी रिकामी, की सीटांच्या नव्या प्लास्टिकवर एक सुरकुतीसुद्धा पडलेली नव्हती.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. शेठ. "झालं का रे काम?"

सावळीराम म्हणाला, "झालं."

फोन ठेवला आणि ग्राइंडर लावला. घाईत बोट कापून घेतलं. तरी त्या दोन जुन्या गाड्यांचे सगळे टाके उडवले. प्रत्येक दार तीन-तीनदा उघडून बघितलं. सकाळी सहाला माझ्या दारात उभा, डोळे लाल. "मोतीराम, पोलीस ठाण्यात चल. टाके माझे होते, हे मी सांगणार हे. आणि ते माझेच, हे ओळखणारा तू हेस." खरं होतं ते. प्रत्येक वेल्डरचा टाका वेगळा असतो, आणि सावळीरामचा शेवटी जरासा डावीकडे ओघळायचा. मी त्याला तिथल्या तिथे शिव्या घातल्या, सहा महिने कुठे शेण खात होतास म्हणून. मग म्हटलं, मी तरी कुठे होतो? शर्ट घातला आणि निघालो.

ठाण्यात उज्वलालाही बोलावून घेतलं. सावळीराम तिच्यासमोर हात जोडून म्हणाला, "तुझ्या आईला येत होतं दार उघडता. मीच बंद केलं होतं." तिने त्याच्या तोंडात मारली असती तर बरं झालं असतं. ती बाकावर जाऊन बसली. जबाब झाला, सह्या झाल्या. पुढचं तुम्हाला ठाऊक आहेच. सावळीरामवर केस चालू आहे, शेठ जामिनावर बाहेर आहे, आणि गाड्या भावाच्या नावावर करून त्या अजून रस्त्यावर धावताहेत. माझा रक्तदाब उगाच नाही वाढत.

पण तुम्हाला सांगायचं ते हे नाही. सह्या झाल्यावर उज्वला एकच म्हणाली, "मला ते दार बघायचं." जळालेली बस ठाण्याच्या मागे भिंतीलगत ठेवलेली होती. तिथं तिला तोवर कुणी जाऊच दिलं नव्हतं. हवालदार पुढे, मागे आम्ही तिघं. हवालदार कोपऱ्यावर वळला आणि थांबला. म्हणाला, "काल संध्याकाळी मी स्वतः बघितलंय, बंद होतं."

दार सताड उघडं होतं.

मी जवळ गेलो. दोन्ही टाके चौकटीवर जिथल्या तिथे. डावीकडे ओघळलेले. कापलेले नव्हते. तुटलेले नव्हते. दाराच्या कडेला ओरखडासुद्धा नव्हता. चाळीस वर्षं लोखंडात काढली मी. लोखंड असं सुटत नाही…

उज्वलाने त्या कडेवर तळवा ठेवला. मग माझा हात धरला आणि तिथं टेकवला.

बस जळून सहा महिने झाले होते. सकाळचे नऊ. भिंतीची सावली.

कड गरम होती.