मला बी पाहिजे

शिंदखेड्याच्या आठवडे बाजारात डोक्याला रुमाल गुंडाळलेली मृणाली कोथिंबिरीची जुडी पिशवीत टाकत होती, तेवढ्यात तिला ती टमाटी दिसली.

गोणपाटावर एकच वाटा उरला होता. चपटी, भोपळ्यासारख्या फाका पडलेली, देठाशी हिरवी आणि बुडाशी गडद लाल. एकाला तर चांगला तडा गेलेला. शेजारच्या पाटीतल्या गुळगुळीत, एकसारख्या टोमॅटोंपुढे ती दिसत होती लग्नाच्या फोटोत न बोलावता येऊन उभ्या राहिलेल्या मावशीसारखी.

मृणाली तिथेच थांबली. हे आईचं वाण होतं.

आई हीच टमाटी दर वर्षी परसात लावायची. बी राखेत घोळून गोवरीवर थापायची आणि ती गोवरी आढ्याला टांगून ठेवायची. आजारपणाच्या वर्षी लागवड राहिली. पावसाळ्यात आई गेली, आणि मग कधीतरी मृणालीनं गोवरी काढून पाहिली, तर उंदरांनी तिचा भुगा केला होता. त्या दिवशी ती रडली नव्हती. भुगा सुपात घेऊन एकेक बी शोधत बसली होती, आणि एकही सापडलं नव्हतं.

"मावशी, हा वाटा केवढ्याला?"

"वाटा गया ना, बाई. ह्या भाऊनी लिन्हा," विकणारी म्हणाली. शेजारची कांदेवाली लताबाई तिला मोगराबाई म्हणून हाक मारत होती.

'भाऊ' समोरच उभा होता. कोपराला हेल्मेट अडकवलेलं, अंगात कारखान्याचा निळा शर्ट, आणि हातात उघडी पिशवी.

"सगळीच घेतलीत?" मृणालीनं विचारलं.

"काय करणार! मला बघून हसली ती."

"टमाटी हसत नाहीत."

"मग याला तडा कशानं गेला? हसून हसूनच ना!"

मृणालीनं ओठ आत दुमडले. हसू आलंच होतं, पण अनोळखी माणसाला ते इतक्या स्वस्तात कशाला द्यायचं?

"भाजी करणार?"

"पिझ्झा. मेसचं वरण खाऊन खाऊन आता स्वप्नातही वरणच दिसतं हो. म्हटलं, एकदा आपल्या हातानं काहीतरी करू. गावठी टमाट्यांचा चांगला होतो म्हणे."

मृणाली मोगराबाईकडे वळली. "मावशी, अजून आहेत का अशी? पुढच्या बाजाराला?"

"नही ना, बाई. डुकरेस्नी वाफाच उकरी टाका. ह्या शेवटना शेतस."

रस्त्यावर त्याचा मित्र मोटारसायकलवर बसून हॉर्नवर हॉर्न देत होता. मृणालीला मागण्याची सवय नव्हती. तरी तिनं धीर केला.

"हे पाहा... मला बी पाहिजे."

तो मनापासून हसला. "एवढंच ना? देतो की! रविवारी घरी आणून देतो. पत्ता सांगा फक्त."

ना कशाला, ना किती! मृणालीला नवल वाटलं. एक टमाटं आत्ताच मागून घ्यावं असं तिच्या मनात आलं होतं, पण इतक्या सढळ माणसापुढे पुन्हा हात पसरणं बरं दिसलं नसतं.

"स्टेशनकडच्या रस्त्याला सुपडू ड्रायव्हर म्हणून विचारा. कोणीही सांगेल. मी त्यांची मुलगी, मृणाली."

"मी प्रशील. नरडाण्याला कारखान्यात मशीन दुरुस्त करतो," तो जाता जाता म्हणाला. "बाकी सगळं बिघडवतो."

ते त्यानं गमतीनं म्हटलं होतं.

रविवारी सकाळी मृणालीनं राख चाळून ठेवली. कॉलेजात मराठी शिकवणारी आपली मुलगी गोवऱ्या निवडत बसलेली पाहून नाना ओट्यावर येऊन बसले.

"कोणी येणार आहे का?"

"कोणी नाही, नाना. बी येणार आहे."

बी अकराच्या सुमाराला आलं. पण ते आलं स्टीलच्या डब्यातून.

"जय भीम, नाना!" प्रशील दोन्ही हातांत पिशव्या सांभाळत अंगणात आला.

"जय भीम. कोणत्या गावचे?"

"एरंडोलचा."

"एरंडोलला मुक्कामाची गाडी न्यायचो मी," नाना म्हणाले, आणि तेवढ्यावर ओळख पक्की झाली.

प्रशीलनं डबा मृणालीपुढे धरला. तिनं झाकण काढलं. आत दाटसर, लालभडक सॉस होता, लसणाच्या वासाचा.

"छान झालाय," ती म्हणाली. "आणि बी?"

"बी म्हणजे?"

"बिया. मी म्हटलं होतं ना, मला बी पाहिजे."

प्रशील आधी तिच्याकडे, मग डब्याकडे, मग नानांकडे बघू लागला. "मला वाटलं... तुम्हाला बी पाहिजे. म्हणजे तुम्हालासुद्धा. पिझ्झा."

"मी मराठी शिकवते. 'सुद्धा'ला मी 'सुद्धा' म्हणते."

"पण समोरचा एरंडोलचा आहे, एवढा तरी विचार करायचा..." त्याचा आवाज बारीक होत गेला.

"बिया कुठे आहेत?"

"गाळल्या. कडू लागू नये म्हणून चांगल्या दोनदा गाळल्या." तो थांबला. "मोरीत गेल्या."

डबा ओट्यावर ठेवून मृणाली परसात गेली. तिच्या मागे नानांचा आवाज हळू हळू प्रशीलला काहीतरी सांगत होता... आई, आढ्याची गोवरी, उंदीर. ती सब्जाच्या रोपाशी उभी राहून एकेक सुकलेलं पान खुडत राहिली.

थोड्या वेळानं प्रशील दारात आला. हेल्मेट दोन्ही हातांत धरलं होतं, गुन्हेगारानं टोपी धरावी तसं.

"ओरडा माझ्यावर."

"कशाला? तुम्हाला काय माहीत होतं? आणि बोलले तर मीच. तुमच्यावर खापर फोडून काय होणार?"

प्रशीलची नजर परसातल्या चुलीवर गेली. तिथे आईचं खापर पालथं होतं. मोठं, काळंभोर, घुमटासारखं. याच्यावर आई चादरीएवढे मांडे भाजायची.

"मग फोडू नका," तो जपून म्हणाला. "पेटवू या? चीज धुळ्याहून आणलंय. मळलेला मैदापण आहे. माझ्याकडे भट्टी नाही, फक्त व्हिडिओ आहे."

आई गेल्यापासून ही चूल पेटली नव्हती. मृणाली नाही म्हणायला वळली, तर नाना कपाशीच्या पळकाट्यांचा भारा काखेत घेऊन आलेच होते.

"टमाटी तर शिजलीच आहेत," ते म्हणाले. "आता वाया कशाला घालवायची?"

प्रशीलनं लाटणं घेतलं आणि महाराष्ट्राचा नकाशा लाटला. मृणालीनं थोडा वेळ ते पाहिलं. मग बाह्या सरकवल्या, गोळा उचलला आणि हातावर घेतला. या मनगटावरून त्या मनगटावर... पीठ आपसूक पसरत गेलं, पातळ होत गेलं. हातांनी तिला विचारलंच नाही. आईच्या शेजारी उभं राहून जे शिकले होते, ते सगळं त्यांच्याजवळ शिल्लक होतं.

प्रशील बघतच राहिला.

"काय बघताय?"

"व्हिडिओतला इटलीचा माणूस असंच करतो." त्यानं हाताचा मैदा झटकला. "फक्त तो एवढा छान दिसत नाही."

"धूर डोळ्यात गेलाय तुमच्या."

"गेलाय. तरी दिसतंय."

तिनं पोळी खापरावर टाकली. ती फुगायला लागली तसा प्रशीलला धीर धरवेना. त्यानं सॉस ओतला, वर चीज किसलं, वर कांदा टाकला आणि कमरेवर हात ठेवून मागे सरला. पण खापर घुमटाचं. सॉस निघाला चारी बाजूंनी खाली. त्याच्या मागोमाग चीज निघालं, कांदा निघाला, आणि सगळा पिझ्झा चर्र करत विस्तवात उतरला.

"अरे!" नाना ओरडले. "लळिंगच्या घाटात दोर न बांधता माल नेला, तर दुसरं काय होणार?"

मृणालीला हसू फुटलं. आधी नाकातून, मग तोंडावर ओढणी धरून, आणि मग तेही जमेना तेव्हा चुलीपुढे बसकण मारून. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ती हसली. नाना तिच्याकडे बघत राहिले आणि मग उगाचच चूल फुंकायला लागले.

"आता तरी खापर माझ्यावर फोडा," प्रशील राखेतून चीज काढत म्हणाला.

"ते आईचं आहे. तुमच्या डोक्यापेक्षा महाग."

दुसरी पोळी तिनं नुसतीच खापरावर भाजली आणि काढून जाड तव्यावर घेतली. मग सॉस, चीज, हाताशी असलेली सब्जाची पानं. तवा निखाऱ्यांवर ठेवला. ओल्या फडक्यांनी तापलेलं खापर उचललं आणि झाकण म्हणून तव्यावर ठेवलं. कडेच्या फटीतून आधी वाफ आली, मग लसणाचा वास, आणि मग आंबटगोड, उन्हासारखा एक वास, जो बाजारातल्या गुळगुळीत टोमॅटोला कधीच येत नाही.

नानांनी पहिला घास घेतला. बराच वेळ चावला.

"पार्वताचं टमाटं," ते आईचं नाव घेऊन म्हणाले.

एवढंच. पण आई गेल्यापासून अर्ध्या भाकरीवर उठणाऱ्या नानांनी ताट पुढे केलं. "अजून एक कर गं. याला बी दे." मग स्वतःच दचकले. "म्हणजे यालासुद्धा!"

मृणालीनं दुसरा तुकडा प्रशीलच्या ताटात ठेवला. बी गेलं होतं, ते दुःख जागच्या जागी होतं. पण चूल पेटली होती, नाना जेवत होते, आणि हे ज्याच्यामुळे झालं तो माणूस कपाळाला राख लावून समोर बसला होता. आभार कसे मानायचे ते तिला कळेना. तिनं त्याच्या तुकड्यावर थोडं जास्त चीज घातलं.

त्यानंतर फोन आणि मेसेज येऊ लागले. सुरुवातीला टमाट्यांबद्दल, मग कशाबद्दलही. 'मेसमध्ये आज वरण. श्रद्धांजली वाहावी.' ती वर्गातून बाहेर पडताना वाचायची आणि मुलींसमोर चेहरा सरळ ठेवताना तिची पंचाईत व्हायची.

मोगराबाई पुढच्या बाजाराला आलीच नाही. एका शनिवारी प्रशीलचा फोन आला.

"कांदेवाल्या लताबाईंकडून पत्ता काढला. शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याला पाडा आहे. उद्या जातोय मी."

"तुम्ही एकटे?"

"तेच तर! मला एकट्याला पाठवू नका. लोक 'बी' म्हणतील आणि मी भलतंच काहीतरी घेऊन येईन."

"हे निमित्त आहे," ती म्हणाली.

"आहे," तो म्हणाला. "चालेल का?"

ती म्हणाली, "सकाळी लवकर या. ऊन होतं."

तापीच्या पुलावर वारा होता, पुढे केळीच्या बागांचा गारवा होता, आणि मग निष्पर्ण सागाच्या रांगा. मृणाली मागे बसली होती, दोघांच्या मध्ये पिशवी ठेवून. खडीचा रस्ता लागला तसं तिनं पिशवी काढून मांडीवर घेतली. तो गाडी एकदम हळू चालवायला लागला.

"रस्ता इतका वाईट नाहीये," ती म्हणाली.

"मला वाईट वाटतोय. मला हळूच जायचंय."

मोगराबाईचं घर पाड्याच्या टोकाला होतं. कुडाच्या भिंतीला दोरीनं टांगलेली गोवरी मृणालीला अंगणातूनच दिसली. करड्या राखेत दडलेले बारीक बारीक दाणे. तिनं डोक्यावरचा रुमाल सोडला, आणि सूप घेऊन बाहेर आलेली मोगराबाई तिच्या तोंडाकडे बघत जागीच थांबली.

"तू पार्वता सिस्टरनी आंडेर शे का?"

सिस्टरची मुलगी! मृणालीनं मान हलवली. आई याच भागात नर्स होती. ती लहान असताना आई बसनं यायची, पुढे पायी पाडे फिरायची, लेकरांना डोस पाजायची. एवढं तिला माहीत होतं. आईच्या पिशवीत आणखी काय असायचं, ते माहीत नव्हतं.

"बाळंतीण दिसनी का चिमूटभर बी दे ती," मोगराबाई सांगत होती. "म्हने, लेकरूले दूध, आनि तुले टमाटं. आते पाडामा बठ्ठास्ना घर, घरोघर शे हाई टमाटं. सिस्टरनं टमाटं म्हनतस आम्ही."

बातमी शेजारी गेली. कोणी गोवरीचा तुकडा आणला, कोणी फडक्यातली पुरचुंडी, कोणी नुसतीच मूठ. मृणालीची ओंजळ भरली. आई वाटत गेली होती, आणि म्हणूनच ते वाण राहिलं होतं. घरात सांभाळलेलं उंदरांनी खाल्लं होतं. ती ओंजळ तशीच धरून उभी राहिली. रडू आलं ते तिनं येऊ दिलं. प्रशील जवळ आला नाही. उन्हाची तिरीप तिच्या डोळ्यांवर येत होती, तिथे मात्र येऊन उभा राहिला.

बायका पांगल्या. मोगराबाई चहा ठेवायला आत गेली.

"मृणाली," तो म्हणाला. पहिल्यांदाच नुसतं नाव. "एक बोलू? शब्द जपून वापरतो. यातला कुठलाच दोन अर्थांचा नाही."

"बोला."

"मला तुमच्याबरोबर राहायचंय. नेहमी. नानांना मी विचारीन, पण आधी तुम्हाला..." तो अडखळला. "घाई नाही. तुमचं दुःख अजून ओलं आहे, ते मला कळतं."

मृणालीनं पुरचुंडीला गाठ मारली. सोडली. पुन्हा मारली. इतकी पुस्तकं वाचली होती, आणि वेळेला एक वाक्य हाताशी नव्हतं.

मोगराबाई चहाचे कप घेऊन आली. हेल्मेट छातीशी धरून उभ्या असलेल्या प्रशीलला तिनं आपादमस्तक न्याहाळलं आणि मृणालीला विचारलं, "हाऊ कोण शे?"

मृणालीनं उत्तर दिलं ते वर्गातल्या मराठीत नव्हतं. आई जे बोलायची, त्यातच ते तोंडून निघालं.

"मना शे."

'माझा आहे' हा याचा अर्थ एरंडोलच्या माणसाला सांगावा लागत नाही. प्रशीलच्या हातातलं हेल्मेट निसटलं आणि अंगणभर गडगडत कोंबड्यांत जाऊन थांबलं. त्यानं ते उचललं नाही.

"बरं शे," मोगराबाई म्हणाली, आणि चहात आणखी साखर घालायला दोन्ही कप घेऊन आत गेली.